पदूदादा आणि न गंजणारा खांब

लोखंड दिसलं की पदूदादा त्यावर बोटाच्या पेराने टकटक करतो आणि कान लावतो. रोग्याची छाती तपासावी तसा! मग गंभीर निदान: "आतून खाल्लंय." आमच्या चिंचणीतल्या निम्म्या घरांची गेटं त्याच्या वेल्डिंगची, आणि समुद्राचा खारा वारा ती सगळी खातो.

आम्ही शेजारी मिळून दिल्ली-आग्र्याला गेलो, तेव्हा मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. लाल किल्ल्यात सगळे माना वर करून बघतायत आणि हा दरवाजाच्या बिजागरीखाली वाकलेला. रखवालदार शिट्टी फुंकतोय, वहिनी दबक्या आवाजात, "अवो, उठा ना! लोकं बघतात." ताजमहालाशी तर तो बाकावरून हललाच नाही. "संगमरवर! आपलं काय काम हाय?"

शेवटच्या दिवशी कुतुबमिनार. तिथल्या लोखंडी खांबाकडे हात करून गाइड म्हणाला, "सोलह सौ साल पुराना, मगर जंग नहीं लगा!"

पदूदादाने कठड्यातून हात घातला. पोचेना. मग त्याने देवळात काढाव्या तशा हळूच चपला काढल्या.

"दादा, इथे समुद्र कुठाय? म्हणून टिकला," मी समजूत घातली.

"वाऱ्याचं निमित्त किती वरसं पुढं करू? घाई असली की मी गंज न घासताच रंग मारतो. लोकं काय बोलत नाय. लाज वाटते रे."

परत आल्यावर तो कानस आणि लाल प्रायमरचा डबा घेऊन दारोदार निघाला. फाटकात उभा राहून मोठ्याने सांगायचा, "तुमचं गेट मी फसवून दिलंय!"

"हळू बोल, मेल्या!" शेजारच्या काकू धावल्या. "पोरीला बघायला पाव्हणे आलेत!"

सगळी गेटं त्याने घासली, रंगवली, बिजागऱ्यांना तेल घातलं. शेवटचं राहिलं वामनच्या घराचं. वामन त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. गेल्या साली गेला, घराला कुलूप. ते गेट पदूदादाने सगळ्यांत जास्त वेळ घासलं. रंग वाळला, तरी तो तेलाची बाटली उघडेना.

"बिजागरी राहिली की," मी म्हणालो.

"राहू दे. कुरकुरली की वामन आतून वरडायचा, 'कोन हाय?'"

त्याने गेट ढकललं. ते चांगलं लांबलचक कुरकुरलं. बंद दाराकडे बघत तो जरासा थांबला.

"मी हाय रे," तो हळूच म्हणाला, "पदू."