खाटेखालचे सासरेबुवा

"वीस मिनिटांचं काम आहे," असं आईला ऐटीत सांगून दशांश घरातून निघाली. दशांश हे तिचं ऑफिसातलं नाव. स्वतःची उंचीसुद्धा दशांशचिन्हापुढे दोन आकडे घेऊन सांगणारीला दुसरं काय म्हणणार! दुपारी तीनला रुग्णालयाच्या खरेदी-अधिकारी बाई नव्या खाटेची चाचणी कॉम्प्युटरवर बघायला येणार होत्या. खाटेने भार पेलला की दशांश नोकरीत कायम. नाही पेलला, तर सहा महिन्यांची उमेदवारी संपली, नमस्कार.

खाटेचं मॉडेल ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या इंजिनिअरने, म्हणजे काकांनी, उभं केलं होतं. त्यात चाळीस घटक होते आणि लक्षात राहावं म्हणून काकांनी प्रत्येकाला आपल्या नातलगाचं नाव दिलं होतं. सगळा भार निमूट उचलणारी मधली तुळई म्हणजे थोरली वहिनी. भार उचलल्याचा नुसता आव आणणारा आडवा गज म्हणजे मेव्हणा. प्रत्येक कोपऱ्यात खुपसलेल्या पट्ट्या, आत्याबाई एक ते चार.

विज्ञान शिकलेल्या मुलीला हे बघवेना. काका रजेवर आहेत असं बघून तिने बाराच्या आत सगळं गणगोत पुसून क-०१, क-०२ असे क्रमांक घातले. जुनी नावं वहीत उतरवून घेतली. यादीत अकरा घटक बिनआकाराचेही निघाले. दिसत नाहीत, नुसती जागा अडवतात! काही आधीच बंद होते, बाकीचेही तिने बंद केले, फाइल सेव्ह केली आणि समाधानाने डबा खाल्ला.

अडीचला तिने खाटेवर शंभर किलोचा माणूस ठेवला. खाट वाकली नाही, मोडली नाही. माणसासकट सरळ खाली निघून गेली. किती? ३.२७ किलोमीटर!

घाबरून तिने अकराही घटक चालू केले. त्यात काकांनी बंद करून ठेवलेले जुने प्रयोगही होते, त्यामुळे आता खाट रॉकेटसारखी वर गेली. त्या अकरांतला एकच घटक खाटेचे पाय जमिनीला धरून ठेवतो, हे तिला आत्ता उमगलं. पण कुठला? एकेक करून बघायचं तर प्रत्येक हिशेबाला दहा मिनिटं, आणि बाई तर दारात उभ्या.

तिने काकांना फोन लावला. काकांकडे सासरची मंडळी आली होती, आणि ते इतकं हळू बोलत होते की शेजारी उभ्या असलेल्या ऑफिसच्या साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला. बाई खुर्ची ओढून ऐकायला बसल्या.

"नाव सांगा काका, वही उघडून बसलेय."

"नाव नाही सांगता येत. समोरच बसलेत."

"कोण?"

"अगं, तेच."

साहेबांनी घड्याळाकडे पाहून घसा खाकरला. काकांनी आवाज आणखी खाली आणला. "सासरेबुवा. तेवढे चालू कर. जागचे हलत नाहीत, म्हणून तर ठेवलेत."

मग पलीकडून एक जाड, निवांत आवाज आला, "जावईबापू, अडचण होत असेल तर उठतो मी."

वहीत बघून दशांशने सासरेबुवा, म्हणजे क-३७, तेवढा चालू ठेवला. खाट २.१४ मिलिमीटर वाकली आणि ठाम उभी राहिली. पण बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या वही वाचत होत्या. तीन कंपन्यांच्या क्रमांकांच्या याद्या वाचून त्यांना आजवर काडीचंही कळलं नव्हतं, इथे एका पानात सगळी खाट कळली.

"हा मेव्हणा, म्हणजे काहीच करत नसणार. मग त्याला ठेवलाय कशाला?" त्यांनी विचारलं.

दशांशने मेव्हण्याला काढून पाहिलं. खाट चार किलोंनी हलकी झाली आणि तितकीच ठाम राहिली. बाईंनी तिथल्या तिथे होकार दिला, फक्त एका अटीवर: अहवालात नावं जुनीच हवीत.

तर दशांश आता कायम आहे, आणि तिच्या सहीचा पहिला अहवाल म्हणतो, "कमाल भार थोरल्या वहिनींवर येतो. मेव्हणा हटवल्यास मजबुतीत काहीही फरक पडत नाही."

आई रोज म्हणते, तो अहवाल घरी आण की, बाबांनाही दाखवू. दशांश रोज विसरल्याचं सांगते. मामा चार महिन्यांपासून त्यांच्याकडेच राहायला आहेत, आणि असा सहीशिक्क्याचा कागद बाबांच्या हाती पडणं काही बरं नाही.