सर्जेरावांच्या नावची हलगी

श्री मैदानदेवता प्रसन्न. बसा पाव्हणं, पाय सैल सोडा आणि कान इकडं करा. वरल्या पेठेचे पगारी फुटबॉलवीर सर्जेराव इंगवले यांची हकिकत ऐका, ऐशी दुसरी मिळणे नाही. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, माघमासी वरली पेठ खालल्या पेठेवर मैदानी चालून गेली. सर्जेरावांची ती अखेरची स्वारी. गुडघ्याने जबाब दिला होता.

फौजेत आघाडीचे सरदार रणधीरबाबा. त्यांचा लौकिक काय वर्णावा! चौकाचौकात त्यांचे डिजिटल बोर्ड, आणि सलूनात पोरे त्यांच्यासारखेच केस कापून घेत. गोलकीपर मन्सूरभाई, त्यांसही चहा सर्वत्र फुकट. आणि सर्जेराव पिछाडीस तटासारखे उभे. आला हल्ला मोडावा, चेंडू पुढे धाडावा, मग पुढे काय जाहले ते लोकांच्या ओरड्यावरून जाणावे. बोर्डावर त्यांचा चेहरा यायचा तो नगरसेवकाच्या कोपराखाली.

पेठांचा रिवाज ऐसा की, गोल करील त्याच्या नावाने हलगी वाजावी. सर्जेरावांच्या नावाने ती कधी वाजली नाही. निघतेसमयी अंजनाबाई गुडघ्यास पट्टी बांधीत म्हणाल्या, "अवो, आज तरी म्होरं जाऊन एक मारा की. एकदा तुमच्या नावची हलगी ऐकू द्या."

"आन् माघारी कोण थांबणार? तुझा बाप?"

"आबा असते तर थांबले असते," ऐसे बोलून बाई हसल्या आणि पट्टी जरा जास्तच आवळली.

मग युद्ध जाहले. रणधीरबाबांनी दोन गोल केले, हलगी कडाडली. अखेरीस खालल्या पेठेने निकराचा हल्ला केला, सर्जेराव आडवे गेले, गुडघा लचकला आणि चेंडू पायास लागून आपल्याच जाळीत गेला. सर्जेरावांनी मान खाली घातली.

तिकडे खालल्या पेठेची पोरे आपल्या हलगीवाल्या दगडूमामांस म्हणाली, "मामा, वाजवा की! पर नाव कुणाचं घ्यायचं?"

"गोल केला कुणी? सर्जेरावानं. रिवाज म्हंजे रिवाज. एवढी वर्सं ह्या गड्यानं आपल्याला वाट दिली न्हाई. ह्याच्या नावानं वाजवायला हात कवाधरनं शिवशिवतोय माझा!"

आणि वाजली! "सर्जेऽराव! सर्जेऽराव!" मग वरल्या पेठेची हलगीही त्यात मिसळली, आणि रणधीरबाबा धावत आले. "दादा, उभं काय ऱ्हायलाय? तुमची हलगी हाय, नाचा!"

"आरं, आपल्याच जाळीत घातला न्हवं मी?"

"घातला न्हवं? मग झालं तर!"

आणि सर्जेराव एका पायावर नाचले. मैदानाच्या पायऱ्यांवर अंजनाबाईंनी तोंडात पदर धरला तो हसू दाबावयास की रडू, हे त्यांसच ठाऊक. कप वरल्या पेठेसच मिळाला.

तात्पर्य, रणधीरबाबांचा लौकिक थोर, तो वाढता राहो. परंतु दोन्ही पेठांच्या हलग्या एका नावाने वाजल्या त्या सर्जेरावांच्याच.

आता पाव्हणं, एक मागणं. जाताना चौकात त्यांचे सायकलचे दुकान लागेल. गुडघ्याचे पुसू नका. त्या गोलाचे पुसा, आणि पहिल्यांदाच ऐकताय ऐसे तोंड करा.