राजमान्य गंज

बाळांनो, हात मांडीवर ठेवा आणि ऐका. शंका शेवटी विचारायच्या. शेवटी वेळ उरत नाही, ही गोष्ट वेगळी.

एका जंगलात, जिथे रस्ता अजून पोचला नव्हता पण त्याचं उद्घाटन मात्र दोनदा झालं होतं, कोंडाजी नावाचं साळिंदर राहायचं. जुन्या लोखंडाची त्याला फार पारख. विळा आणा, अडकित्ता आणा, कोंडाजी त्याला नखाने टिचकी मारायचा, आवाज ऐकायचा आणि त्याचं कुळगोत्र सांगायचा. "जनावर खोटं बोलेल, लोखंड नाही," असं तो येताजाता म्हणायचा. हे वाक्य ऐकून लोक माना डोलवत. मग तो ते पुन्हा म्हणायचा.

एके दिवशी चंद्री नावाची शेळी तोंडात काहीतरी धरून त्याच्या बिळाशी आली.

"कोंडाजीकाका, ओहोळाच्या काठाला हे रुतलं होतं. मला वाटलं, मूळ आहे. चावायला गेले तर दाढच हलली."

कोंडाजीने ती वस्तू उलटसुलट करून पाहिली. तडकलेली शिंगाची मूठ. तिच्यात मिटलेलं पातं, गंजाने गच्च बसलेलं. त्याने पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्यावर खोबरेल सोडलं, थोडा वेळ गप्पा मारल्या आणि मग हळूच पातं उघडलं.

"वस्तरा आहे," तो म्हणाला. "चांगला जुना. दोन्ही अंगांनी कसा खोलगट घासलाय बघ. घडवणाऱ्याचा हात बसलेला होता."

"कुणाचा असेल हो?"

कोंडाजीने तेलाचं फडकं फिरवलं. पात्यावर अक्षरं दिसू लागली. 'सिंह महाराज'. पुढचं सगळं गंजाखाली.

चंद्रीचे कान पडले. "म्हणजे यांचाच का! मला वाटलं, एखादी वस्तू तरी आमची निघेल."

बातमी राजवाड्यात पोचली. सिंह महाराज स्वतः आले. सोबत दरबारी इतिहासाचार्य कोल्हेबुवा आणि सांस्कृतिक मंत्री गेंडेसाहेब.

"आमच्या पणजोबांचा वस्तरा!" महाराजांनी बघण्याआधीच ओळखला. "याच वस्तऱ्याने त्यांची आयाळ कोरली जायची. कोंडाजी, याला नव्यासारखा कर. आम्ही स्मारक बांधणार. जनतेला आपला वैभवशाली इतिहास कळला पाहिजे."

"सगळा कळेल, महाराज," कोंडाजी म्हणाला. "जनावर खोटं बोलेल, पण..."

"माहीत आहे," महाराज म्हणाले.

कोंडाजी कामाला लागला. तेलात भिजवलं, बारीक राखेने घासलं. आणखी एक शब्द वर आला. 'सिंह महाराज यांची'.

कोंडाजी थबकला. वस्तरा तो. मग 'यांचा' हवं. 'यांची' कसं?

त्याने ही शंका कोल्हेबुवांना विचारली. कोल्हेबुवांनी डोळे मिटले. ज्ञान आत शोधताना ते नेहमी डोळे मिटत.

"प्राचीन काळी वस्तऱ्याला 'वस्तरी' म्हणत," ते म्हणाले. दुपारपर्यंत त्यावर त्यांचं व्याख्यानही झालं.

मग दगडावर धार लावून झाली. आता वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायला हवा. पण जंगलात चामडं मागायचं कुणाकडे? ज्याचं त्याच्या अंगावर! कोंडाजी विचारात पडला असताना गेंडेसाहेब पाहणीला आले आणि खात्याच्या कामगिरीवर बोलू लागले. कोंडाजीने धीर करून वस्तरा त्यांच्याच पाठीवर फिरवायला सुरुवात केली. वर, खाली, उलट, सुलट. साहेबांना पत्ता नाही. बाळांनो, इतकी वर्षं टीका सोसलेली कातडी ती! भाषण संपलं तेव्हा पात्याला अशी धार आली होती की हवेतलं पीस दोन होऊन खाली पडावं.

उरला पात्यावरचा शेवटचा गंज. कोंडाजीने तो जीव लावून काढला. अक्षरं एकेक करून उजळली आणि त्याने संपूर्ण ओळ वाचली:

'सिंह महाराज यांची बिनपाण्याने हजामत करणाऱ्या गंगी शेळीस, समस्त शेळ्यांकडून सप्रेम भेट.'

कोंडाजीच्या अंगावरचे सगळे काटे एकदम उभे राहिले. आधी भीतीने, मग आनंदाने, मग पुन्हा भीतीने. एका शेळीने सिंहाची आयाळ उतरवली होती! आणि बाकीच्या शेळ्यांनी वर्गणी काढून तिचा सत्कार केला होता! चंद्रीला हे सांगावं म्हणून तो उठलाही. पण दारात महाराज उभे होते.

महाराजांनी ओळ वाचली. परत वाचली. मग अंगठ्याने धार पाहिली.

"धार छान लागलीय," ते कोंडाजीच्या गळ्याकडे बघत म्हणाले. "हे आणखी कुणी वाचलं?"

"मीच, महाराज."

"मग फार काम नाही."

महाराजांच्या मागून आलेले कोल्हेबुवा लगबगीने पुढे झाले. "महाराज, याला मारलंत तर लोक विचारतील, वस्तऱ्यात असं होतं काय? त्यापेक्षा ज्याने गंज काढला, त्यालाच पुन्हा चढवायला सांगा. तज्ज्ञाने चढवलेला गंज कुणी खरवडत नाही."

"चढवशील?" महाराजांनी विचारलं.

लोखंड खोटं बोलत नाही, हे वाक्य कोंडाजीच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"मीठ आणि लिंबू लागेल," तो म्हणाला.

अक्षरांवर मीठ चोळलं, लिंबू पिळलं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. पहिला गंज फार तांबडा आला. नवा आहे, हे आंधळ्यालाही कळावं! कोंडाजीला तो बघवेना. त्याने तो काढला आणि पुन्हा चढवला, या खेपेला सावकाश. आपल्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम हेच, हे त्याला काम संपल्यावर कळलं. मग मात्र त्याला जेवण गेलं नाही.

स्मारकाचं उद्घाटन थाटात झालं. महाराजांनी इतिहासाचे गोडवे गायले. कोंडाजीला 'गंजरत्न' ही पदवी मिळाली. जन्मभर गंज काढला तेव्हा कुणी साधं उपरणं दिलं नव्हतं. शेळ्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, टाळ्यांसाठी. रात्रीच्या मेजवानीलाही त्यांच्यापैकी काहींची निवड झाली होती. पाहुण्या म्हणून नव्हे.

कार्यक्रम संपल्यावर चंद्री वस्तऱ्यावरच्या काचेजवळ आली. तिचं नाव निवडीत होतं.

"काका, तुम्ही पूर्ण साफ केलात ना? 'सिंह महाराज' याच्यापुढे काय लिहिलंय?"

कोंडाजीने काचेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. शिपाई चंद्रीचं दावं घेऊन मागे उभा होता.

"पुढे गंज आहे, पोरी," कोंडाजी म्हणाला.

"बरं," म्हणून चंद्रीने वस्तऱ्याला नमस्कार केला आणि ती शिपायाच्या पुढे चालू लागली.

तात्पर्य: इतिहासाची जपणूक करावी, बाळांनो. तो चकाकेल इतका घासावा, वाचता येईल इतका घासू नये. आणि आपल्याला वाचता येत असेल, तर पदवी मिळेपर्यंत ते कुणाला कळू देऊ नये. मिळाल्यावर तर मुळीच नाही.