कोण काय घेऊन पळालं

वीरण्णाशेठ ते खेळायचं यंत्र पिशवीत घालून तिसऱ्यांदा जिलानीच्या दुरुस्तीच्या दुकानात आले, तेव्हा त्याच्या बायकोने, वहिदाने, पडद्याखालून आधी त्यांच्या चपला पाहिल्या. पहिल्या खेपेला त्या दाराबाहेर काढलेल्या होत्या, दुसऱ्या खेपेला उंबऱ्यापाशी. आज त्या पायातच होत्या. म्हणजे शेठ चिडलेले होते.

"जिलानीभाई, तुमची चिप हितं चलती आन् घरी गेली की झोपती," शेठ म्हणाले. "माझ्या पोराचं लई नुकसान व्हायलंय."

पोरगा म्हणजे श्रीशैल. त्याचं बारावीचं वर्ष होतं. पहाटे पाचपासून तो या क्लासातून त्या क्लासात पळायचा, आणि परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. अशा पोराचं गाड्या पळवायचा खेळ बंद पडून काय नुकसान होतंय, हे वहिदाला समजेना. पण पडद्यामागच्या माणसाने प्रश्न विचारायचे नसतात.

ते यंत्र शेठच्या भाच्याने दुबईहून आणलं होतं. टीव्हीला जोडायचं, सीडी घालायची आणि खेळायचं. पण यंत्र भलतंच मानी. कंपनीची अस्सल सीडी असेल तरच चालणार, नांदेडहून आणलेली चाळीस रुपयांची नकल घातली की पडदा काळा करून बसणार. त्यावर इलाज एकच. आत नखाएवढी चिप बसवायची, केसासारख्या सात तारा, सोल्डरचे सात टाके. मग नकल घातली तरी चिप यंत्राच्या कानात सांगते, बाबा, अस्सलच आहे. यंत्र विश्वास ठेवतं.

हे सात टाके घालणारा हात अख्ख्या लातुरात एकच आहे आणि तो जिलानीभाईचा, असं लोक म्हणत. त्यातलं अर्धं खरं होतं. हात एकच होता.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी जिलानी आपला भोंगा आणि त्याचा ॲम्प्लिफायर जीपमध्ये घालून किल्लारीला गेला होता. ढिगाऱ्यांजवळ हरवलेल्या माणसांची नावं पुकारायची होती. आठ दिवसांनी परत आला तेव्हा त्याचा उजवा हात थरथरत होता. तिथे काय झालं ते त्याने सांगितलं नाही, वहिदाने विचारलं नाही. महिनाभराने एका रेडिओचा टाका त्याच्याकडून तीनदा चुकला. तेव्हा तिने त्याच्या हातातून, झोपलेल्या पोराच्या मुठीतलं खेळणं काढावं तसं हळूच, सोल्डरिंगचं आयर्न घेतलं आणि मध्ये पडदा लावला. ती लग्नाआधी जरीकाम करायची. टाका म्हणजे टाका. गिऱ्हाइकाशी बोलायचं जिलानीने, काम करायचं वहिदाने, आणि नाव पूर्वीचंच. साडेसात वर्षं हे असं चाललं होतं. लोकांना कळलं तर त्याला बाजारात मान वर करून चालता येणार नाही, ही तिची एकच काळजी होती.

जिलानीने मात्र तेव्हा स्वतःच्या हाताने एक गोष्ट केली होती. पडद्यामागच्या फळीवर काचेची बाटली तोंडावर उलटी उभी केली. तिच्या बुडाला दोरी, दोरीला बटण, बटणाला छपरावरचा तोच भोंगा. जमीन हलली की बाटली पडणार आणि भोंगा गल्लीला उठवणार. गल्ली त्या बाटलीच्या भरवशावर झोपायची. त्यात महिन्यापूर्वी कच्छात भूकंप झालेला, त्यामुळे सगळ्यांचे कान पुन्हा टवकारलेले होते.

भूकंपाच्या पहाटे कोण काय घेऊन पळालं, हे गल्लीत अजून सांगितलं जायचं. समोरच्या उमाबाई पाण्याने भरलेली कळशी घेऊन पळाल्या होत्या आणि नवऱ्याला आत झोपलेला विसरल्या होत्या. कुणी हसलं की त्या म्हणायच्या, "नळ चार दिसाला येतो. हे रोज हायतच." आणि वर एक सिद्धांत मांडायच्या, "भूकंपात माणूस जे घेऊन पळतं तेच त्याचं खरं. बाकी समदं सामान."

तर त्या दुपारी यंत्र पडद्यामागे वहिदाच्या टेबलावर उघडं, उताणं पडलं होतं आणि बाहेरच्या टीव्हीवर मजेत चालत होतं. सरळ केलं की बंद. उताणं केलं की चालू. म्हणजे एखादी तार सुटली होती आणि उताणी पडली की आपोआप टेकत होती. दुकानात यंत्र नेहमी उताणंच तपासलं जायचं, घरी ते सरळ ठेवलं जायचं. चूक सापडली, म्हणून वहिदाने आयर्न तापवलं.

बाहेर शेठना धीर नव्हता. खेळायचे रिमोट दोन होते, दोन्ही तपासायला हवेत, पोराची तक्रार नको, असं म्हणून त्यांनी दोन गाड्यांचा खेळ लावला. एक रिमोट त्यांच्या हातात. दुसऱ्याची वायर पुरेना, म्हणून जिलानीने तो पडद्याआडून हात घालून फळीवर ठेवला. पडद्याखालून वहिदाला शेठचे पाय दिसत होते. उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबत होता. वळणाला दोन्ही पाय एका बाजूला झुकत. पोरासाठी तपासणाऱ्या माणसाचे पाय असे झुकत नाहीत, असं तिच्या मनात आलं, तेवढ्यात शेठनी आपली गाडी दुसऱ्या उभ्या गाडीवर घातली.

या खेळात टक्कर झाली की रिमोट हातात थरथरतो. फळीवरचा रिमोट घुर्र घुर्र करत थरथरला. फळी थरथरली. बाटली डुलली, तिने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि पडली.

साडेसात वर्षांनी भोंगा वाजला.

त्यानंतर कुणी काही ठरवून केलं नाही. पडदा वहिदाच्या अंगावरून फाटत गेला, आयर्नची पिन भिंतीतून निघाली. उमाबाईंच्या माडीवर क्लासची टेस्ट चालू होती, तिथून साठ पोरं जिन्यावरून घरंगळत आली. पाच मिनिटांत गल्लीच्या टोकाचं मैदान भरलं. सगळे जमिनीकडे बघत होते. जमीन हलायचं नाव घेईना.

मग लोक एकमेकांच्या हातांकडे बघायला लागले.

क्लासच्या सरांच्या हातात खडू होता. उमाबाईंच्या हातात पुन्हा कळशी होती, मात्र या वेळी दुसऱ्या हातात नवरा होता. वीरण्णाशेठच्या हातात रिमोट होता आणि त्याची वायर मागे शेपटीसारखी लोंबत होती.

"अप्पा," गर्दीतून श्रीशैल म्हणाला, "तुम्ही तर मशीन मांजरा नदीत फेकलं म्हणलात."

शेठनी घसा साफ केला. पोराला झापायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर पोराच्या हातातल्या टेस्टच्या उत्तरपत्रिकेवर गेली. वरचं नाव दुसऱ्याच पोराचं होतं. बापलेक एकमेकांकडे बघत राहिले आणि दोघांनीही आपापल्या हातातली वस्तू पाठीमागे नेली.

"आन् भाभी," उमाबाई म्हणाल्या, "तुमच्या हातात ते काय हो? धूर निघायलाय."

वहिदाने खाली पाहिलं. आयर्न तिच्या मुठीत होतं आणि डोळ्यावर अजून भिंग बांधलेलं होतं. लपवायला आता पडदाही नव्हता.

भूकंप नव्हताच, हे कळल्यावर गल्ली दुकानात जमली. घरात मात्र कुणी जाईना. बाटली उभी दिसल्याशिवाय आत जायचं नाही, असं ठरलं. धावपळीत यंत्राचे दोन टाके आणखी सुटले होते. एवढ्या लोकांसमोर वहिदाने आयर्न पुन्हा तापवलं आणि जिलानीपुढे धरलं. घ्या, तुमचंच आहे, असं.

जिलानीने ते घेतलं. टोक हवेत डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, बरंच फिरलं. कुणी हसलं नाही.

त्याने ते परत तिच्या हातात दिलं. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "किल्लारीहून आल्यापासून हात हलायलाय. जमीन हलती का मी, मलाच समजंना. म्हणून ती बाटली उभी केली होती. बाटली उभी दिसली की म्हणायचं, जमीन ठीक हाय, आपणच हलायलोय."

 मग वीरण्णाशेठनी दारापर्यंत जाऊन चपला बाहेर काढल्या, आत येऊन वहिदासमोर बसले आणि म्हणाले, "बाई, निवांत घाला टाका. घाई न्हाई. पोराची परीक्षा होईस्तोवर मला बी खेळायचं न्हाई आता."

वहिदा सगळ्यांसमोर बसून टाके घालू लागली. पलीकडे जिलानीने बाटली उचलली. ती उलटी उभी करणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा पडली. दुसऱ्यांदा पडली. उमाबाई कळशी कमरेवर घेऊन बोटांवर मोजत होत्या. मदतीला पुढे झालेल्या सरांना वहिदाने नुसत्या मानेने थांबवलं.

अकराव्यांदा बाटली उभी राहिली. गल्ली हळूहळू आपापल्या घरी गेली. यंत्र सरळ ठेवलं तरी चालू लागलं.

वहिदाने आयर्न ठेवलं, भिंग काढलं आणि पहिल्यांदाच दुकानाच्या दारातून रस्ता बघत बसली. काही वेळाने तिच्या लक्षात आलं, तिचा हात थरथरत होता. तिने वळून फळीकडे पाहिलं. बाटली उभी होती.

म्हणजे जमीन ठीक होती.