चिंतोबा साळिंदराची लंगडी गाडी

एका जंगलात एकच रस्ता होता. तसा तो बरा रुंद होता, मुलांनो, पण जंगलातली जनावरं त्याच्यापेक्षा जास्त वाढली होती. रस्ता पाणवठ्यापासून निघायचा आणि मोहाच्या माळावरच्या बाजारात जाऊन संपायचा. सकाळी सगळे तिकडे जायचे, संध्याकाळी सगळे इकडे यायचे. दुपारी मात्र सकाळचे उशिरा निघालेले आणि संध्याकाळचे लवकर निघालेले समोरासमोर येऊन उभे राहायचे आणि एकमेकांना म्हणायचे, "जरा सरका की!"

या रस्त्यावर गव्यांचा धंदा चालायचा. गवे पाठीवर प्रवासी घ्यायचे. एका गव्यावर दहा ससे, नाहीतर चार माकडं, नाहीतर एक रानडुक्कर आणि त्याचं सामान. गव्यांचा म्होरक्या धोंडीराम. हिरवं गवत दिसलं की तो थांबायचा. प्रवासी ओरडले की तोंड भरलेलं असतानाच म्हणायचा, "थांबा आहे. अधिकृत थांबा आहे."

याच जंगलात चिंतोबा साळिंदर राहायचा. सुतारकाम करायचा. दात इतके चांगले की करवत लागायची नाही. स्वभाव गरीब, पण अंगावर काटे. त्यामुळे गर्दीचा त्रास त्याला सगळ्यांहून जास्त. रस्त्यात कोणीही "आई गं!" म्हणून ओरडलं की सगळे वळून चिंतोबाकडे बघायचे. पायात बाभळीचा काटा मोडला असला, तरी माफी चिंतोबानेच मागायची. तो बिचारा काटे मिटून, अंग चोरून, अगदी कडेकडेने चालायचा.

एके दिवशी धोंडीराम वळला आणि त्याच्या धक्क्याने चिंतोबा बायकोसकट ओढ्यात पडला.

बायकोचं नाव यमुना. ती काठावर आली, अंग झटकलं आणि म्हणाली, "आता जनावराने जायचं तरी कुठून? रस्त्यात जागा नाही, कडेला जागा नाही."

चिंतोबा मान वर करून बघत होता. वर आभाळ होतं आणि ते अगदी रिकामं होतं.

"वरून," चिंतोबा म्हणाला.

"काय वरून?"

"वरून जायचं."

यमुनाने त्याच्या डोक्याला कुठे लागलंय का ते आधी पाहिलं.

महिनाभर चिंतोबाने मातीत रेघोट्या ओढल्या. मग तो दरबारात गेला. महाराज वाघ होते. त्यांचे दिवाण तरस होते. दिवाण प्रत्येक गोष्टीला हसायचे. ते होकाराचं हसणं की नकाराचं, हे कोणालाच कळायचं नाही, आणि म्हणूनच ते तीन महाराजांच्या कारकिर्दीत दिवाण राहिले होते.

"महाराज," चिंतोबा म्हणाला, "रस्त्याच्या मधोमध उंच खांब रोवू. एकच रांग. दोन रांगांना जागा नाही. खांबांवर बांबूंची ताटी, ताटीवर रूळ, रुळांवर गाडी. गाडीला पळसवेलीचा दोर. बाजाराच्या टोकाला मोठा रहाट. केरू अस्वल आणि त्याची बायको रहाट फिरवतील, दोर गुंडाळला जाईल, गाडी सरसर जाईल. कोणाच्या पायात कोणी येणार नाही."

"एका पायावर गाडी?" धोंडीराम मागून ओरडला. "ही तर लंगडी! आणि वरून आमच्या डोक्यात काही पडलं म्हणजे? कोणी केळ्याची साल टाकली म्हणजे? कोणी... दुसरं काही टाकलं म्हणजे?"

माकडांनी खाली बघितलं.

महाराजांच्या सगळं डोक्यावरून गेलं होतं. पण गाडीही डोक्यावरूनच जाणार आहे म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपल्याला बरोबर समजलं असावं.

"आधी शंभर पावलांपुरती बांध," ते म्हणाले. "पण पहिल्यांदा तिच्यात बसणार कोण? पडली तर?"

"मी बसेन," चिंतोबा म्हणाला.

दिवाण हसले.

कामाला सुरुवात झाली. खांबांना लाकूड हवं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना जांभळी, करंज, ऐन अशी मोठाली झाडं होती. चिंतोबाने ती पाडली. यमुना भाकरी घेऊन आली आणि उघड्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "अहो, आता रस्त्यावर ऊन नाही का येणार?"

"येऊ दे. आपण वर असू."

"वर ऊन नसतं?"

"वर वारा असतो," चिंतोबा म्हणाला. तो इतका खुशीत होता की यमुनाने पुढचं विचारलं नाही.

शंभर पावलांची गाडी तयार झाली, तेव्हा सगळं जंगल बघायला लोटलं. गाडी म्हणजे चार चाकांचा लाकडी पाट होता, कडेला कठडा. चिंतोबा शिडीने वर चढला. खाली धोंडीराम शेजाऱ्याला सांगत होता की, पडल्यावर साळिंदर खाली टोकाने येतं, तेव्हा जरा लांब उभं राहा.

चिंतोबाचे सगळे काटे उभे राहिले होते. त्याने डोळे मिटले आणि हात हलवला. केरूने रहाट फिरवला. दोर ताणला. गाडी कुरकुरली, हलली आणि निघाली.

मध्यावर चिंतोबाने एक डोळा उघडला. अंगावर वारा येत होता. खाली हजारो डोकी होती आणि एकाही डोक्याला त्याचा धक्का लागत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चारचौघांत काटे मोकळे सोडले. शंभरावं पाऊल आलं, तेव्हा तो हसतही होता आणि रडतही होता. यमुना खालून ओरडत होती, "उतरा आता! झालं की!"

महाराजांनी पुढच्या कामाचा हुकूम तिथेच दिला.

वर्षभरात गाडी पाणवठ्यापासून बाजारापर्यंत गेली. जंगलाने तिला 'लंगडी' हेच नाव ठेवलं. उद्घाटनाला महाराज स्वतः बसले. शेजारी दिवाण. मागे उभा चिंतोबा, अंघोळ करून, काटे विंचरून.

गाडी झोकात निघाली. महाराजांनी खालच्या प्रजेला पंजा हलवून दाखवला. प्रजेने जयजयकार केला. बाजार अगदी समोर आला, भाजीवाल्या सशिणी दिसायला लागल्या, आणि गाडी थांबली.

"पोचलो?" महाराजांनी विचारलं.

"अजून नाही," चिंतोबा म्हणाला.

"मग थांबली का?"

चिंतोबाने डोळे बारीक करून टोकाकडे बघितलं. रहाट रिकामा होता. रहाटामागच्या उंबरावर मधाचं पोळं लागलेलं होतं. त्या पोळ्याला केरू एका बाजूने आणि त्याची बायको दुसऱ्या बाजूने भिडली होती.

"थोडा वेळ लागेल, महाराज."

"थोडा म्हणजे किती?"

"ते पोळ्यावर आहे," चिंतोबा खरं तेच बोलला.

ऊन चढलं. महाराजांची जीभ बाहेर आली. खाली बाजार बंद करून सगळे वर बघत बसले. कोणी म्हणालं महाराजांची शेपटी लोंबतेय. कोणी म्हणालं वाटलं होतं त्याहून लहान आहे. महाराजांनी शेपटी वर ओढून मांडीखाली घेतली. राजाला असं अडकून पडलेलं प्रजेने बघणं, ही गोष्ट कुठल्याच जंगलात चांगली नाही, मुलांनो.

शेवटी महाराजांनी उडी मारली. ते पडले नेमके धोंडीरामच्या पाठीवर.

आता वाघ पाठीवर बसल्यावर गवा काय करणार? आणि गवा उधळल्यावर वाघ तरी काय करणार? दोघेही डोळे मिटून ओरडत पाणवठ्यापर्यंत गेले. वाटेत गवत पुष्कळ होतं. त्या दिवशी एकही थांबा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. दिवाणांनी विचारलं, "दोष कोणाचा?"

केरू अस्वल मान खाली घालून उभं होतं. त्याच्या मिशीला अजून मध होता. चिंतोबाने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माझा. अस्वलाला रहाटावर बसवताना वर पोळं आहे का, ते मी बघायला हवं होतं."

चिंतोबाला कामावरून काढलं. अस्वलांच्या जागी गाडी ढकलायला माकडं नेमली. ती संध्याकाळपर्यंत आठ समित्यांमध्ये विभागली गेली. चिंतोबा घरी बसला. स्टुलं करायचा, पाट करायचा. रस्त्याच्या दिशेला तोंड होईल म्हणून त्याने घराची खिडकीसुद्धा फळी ठोकून बंद केली. यमुना एकटी बाजारात जायची आणि एकटी यायची.

दोन उन्हाळे गेले. मग दिवाणांचा निरोप आला. लंगडीत आता कोणीच बसत नाही. एक तर बेचाळीस पायऱ्या चढा. वर पाट तव्यासारखा तापलेला. त्यात माकडांची बैठक चालू असली की गाडी बंद. तेव्हा ती पाडून टाकायची आहे. आणि बांधली चिंतोबाने, तर पाडायचीही त्यानेच.

त्या सकाळी चिंतोबाला घास गेला नाही.

"मी येते बरोबर," यमुना म्हणाली. "तिथे काय झालंय ते गेल्यावरच बघा."

चिंतोबा रस्त्यावर आला आणि थांबला.

पाणवठ्यापासून बाजारापर्यंत एकही झाड उरलेलं नव्हतं. सगळीकडे रणरणतं ऊन. आणि त्या उन्हात, लंगडीच्या खाली, गार सावलीचा एक लांबच लांब पट्टा पसरला होता. पट्ट्यात सगळं जंगल होतं. सशिणी भाज्या विकत होत्या. म्हातारी हरणं गप्पा मारत होती. रानडुकरांनी पहिल्या खांबापासून चौथ्यापर्यंत गारेगार चिखलाचं दुकान टाकलं होतं. धोंडीराम सातव्या खांबाशी रवंथ करत बसला होता. आणि रांगेने, एकामागे एक, सगळे सावलीतूनच चालत होते. जाणारे डावीकडून, येणारे उजवीकडून, कारण सावलीबाहेर पाय टाकायची कोणाची तयारी नव्हती. धक्का नाही, बुक्की नाही.

चिंतोबाने पहिल्या खांबाला दात लावायला तोंड उघडलं.

"हां!" एक म्हातारी हरणी ओरडली. "खांबाला तोंड लावलंस तर बघ!"

"पण तुम्ही वर बसत नाही ना?" चिंतोबाने विचारलं.

"वर? वर कशाला बसू? ऊन लागतं!"

आरडाओरडा झाला. सतराव्या खांबामागून महाराज उठून आले. दुपारची झोप ते तिथेच घ्यायचे. दिवाण लगबगीने पुढे झाले आणि हसले. महाराजांनी डोळे चोळले.

"ही सावली पाडायची कोणी ठरवली?"

"ठरवली कोणी, महाराज? आम्ही फक्त जनतेचं मत आजमावत होतो," दिवाण म्हणाले.

महाराज चिंतोबाकडे वळले. "साळिंदरा, तू फार मोठं काम केलंस. ही सावली तू किती विचार करून बांधलीस, ते आम्हाला उशिरा कळलं. सावलीच बांधायची होती ना तुला?"

सगळे चिंतोबाकडे बघायला लागले. यमुनाही. 'हो' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं.

"नाही, महाराज," चिंतोबा म्हणाला. "मला गाडीच बांधायची होती. सावली आपोआप पडली. आणि पहिली सावली मीच तोडली होती."

दरबारी इतिहासकार कासव मान बाहेर काढून म्हणालं, "केवढा हा विनय!" आणि त्याने तसं लिहून घेतलं. टाळ्या झाल्या. महाराजांनी चिंतोबाला 'सावलीभूषण' ही पदवी दिली. चिंतोबा परत परत सांगत होता, "अहो, पण गाडी..." प्रत्येक वेळी टाळ्या वाढत होत्या.

शेवटी त्याने सांगणं सोडलं आणि यमुनाला म्हणाला, "चल."

"कुठे?"

"वर."

दोघे बेचाळीस पायऱ्या चढले. वर चिटपाखरू नव्हतं. पाट तापला होता, म्हणून यमुनाने पदर चौपदरी करून टाकला. एका समितीचं माकड रिकामंच बसलं होतं. त्याने उगीच गंमत म्हणून गाडीला ढकललं.

गाडी निघाली. वारा आला. यमुनाने आधी कठडा घट्ट धरला, मग सोडला.

"अहो," ती म्हणाली, "हे तर छानच आहे की!"

"तेच तर मी इतकी वर्षं सांगतोय," चिंतोबा म्हणाला आणि त्याने सगळे काटे वाऱ्यावर मोकळे सोडले.

खाली कासवाने चाकांचा आवाज ऐकला, वर बघितलं आणि त्या दिवसाच्या नोंदीत शेवटची ओळ घातली. 'सन्मानानंतर संस्थापक सपत्नीक छपराची पाहणी करण्यासाठी वर गेले.'

तात्पर्य: मुलांनो, प्रयत्नांचं फळ मिळतंच, असं तुमचे गुरुजी सांगतील. मिळतं, पण ते कशाच्या प्रयत्नांचं होतं हे सावलीत बसलेले ठरवतात, कारण लिहायला निवांत जागा त्यांच्याकडेच असते. तेव्हा मोठं होऊन काहीही उंच बांधा. फक्त खाली बसायला सोय होईल एवढं बघा, म्हणजे वर काय बांधलंत ते कोणी विचारणार नाही.