वाढत्या मापाची डर्ट बाईक

टेलरमास्तरांनी शिवलेला कपडा शिवल्या दिवशी कोणाला नीट बसला, असं आजवर कधी घडलं नव्हतं. तो बसायचा पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्याही पुढच्या. मास्तर शाळेचे गणवेश शिवत. पोरं वाढणार हे गृहीत धरून ते प्रत्येक शिवणीत आतून भरपूर कापड सोडत, बाह्या दुमडून टाके घालत आणि पँटच्या पायांत इतकी दुमड ठेवत की पहिलीतला मुलगा त्याच पँटवर कॉलेजात गेला असता. आयांनी कुरकुर केली की ते म्हणत, "वाढेल की." त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा कोट त्यांना अजून सैल होतो. यांचं वाढायचं थांबलंय हे त्या कोटाला कोणी सांगितलेलं नाही, असं त्यांची बायको म्हणते.

या घरात एकुलती एक मुलगी वाढली. लहानपणी तिचे बूट पुढून कापूस कोंबून घातले जात. घरातलं तिचं नाव छकुली. आता ही छकुली गावाबाहेरच्या मैदानावर नवशिक्यांना डर्ट बाईक शिकवायची. मैदानामागच्या टेकडीवर खडकाळ, मातीच्या पायवाटा होत्या, त्यांवरून ही उंच, हलकी, दणकट मोटारसायकल कशी न्यायची ते ती दाखवायची आणि कोणी पडला की गाडी एका हाताने आणि माणूस दुसऱ्या हाताने उभा करायची. तिला कोणी छकुली म्हणून हाक मारली की अनोळखी माणूस मागे वळून लहान मूल शोधायचा.

तिला लांबच्या शहरातल्या एका मोठ्या रायडिंग स्कूलमध्ये नोकरी लागली. येत्या आठवड्यात निघायचं होतं.

"बाबा, जायच्या आधी या रविवारी माझ्याबरोबर टेकडीवर ये," ती जेवताना म्हणाली. "इतकी वर्षं पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करतोयस. आता एवढा एकच उरलाय."

मास्तरांना म्हणायचं होतं, जाऊ नकोस. ते घशाशी आलंही. पण तिथे घास होता. तो गिळून ते म्हणाले, "बाईक कोणती घेऊ?"

"घ्यायची कशाला? मैदानावरची शिकाऊ गाडी आहे."

"मी दुसऱ्याच्या मापाचं वापरत नाही."

"बरं, मग हलकी घे, बुटकी घे, छोट्या इंजिनाची घे. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. तुझा अनुभव शून्य आहे, बाबा."

"आज आहे," मास्तर म्हणाले.

शोरूममधला विक्रेता टाय लावलेला, हसतमुख आणि प्रत्येक प्रश्नाला तयार असा होता. त्याने रीतसर विचारलं, "अनुभव किती आहे आपल्याला?"

"आजचा सांगू की पुढचा?"

या प्रश्नाला तो तयार नव्हता. "म्हणजे?"

"गाडी किती वर्षं चालेल?"

"नीट वापरली तर आठ-दहा वर्षं तरी."

"मग आजच्या अनुभवाच्या मापाची घेऊन काय करू? दिवाळखोरीचा धंदा. चार महिन्यांत आखूड होईल."

विक्रेत्याने तरी आधी नवशिक्यांची गाडी दाखवली. मास्तर बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले, गुडघ्यात थोडे वाकलेसुद्धा. "अगदी अंगाबरोबर आहे हो," ते नाराजीने म्हणाले. त्यांच्या दुकानात ही शिवी होती. मग मधली गाडी निघाली. तिच्यावर फक्त चवडे टेकत होते. "ही सहामाहीपर्यंत जाईल," मास्तर म्हणाले आणि त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे एक गाडी एकटीच उभी होती. तिची सीट बघायला हनुवटी वर करावी लागत होती.

"ती शर्यतीत उतरणाऱ्यांसाठी आहे, साहेब. तिच्यावर भलेभले..."

"मला वर चढवा," मास्तर म्हणाले.

विक्रेत्याने आणि वॉचमनने मिळून त्यांना वर ठेवलं. दोन्ही पाय हवेत लोंबकळू लागले. नव्या गणवेशात बुडालेल्या पोराकडे बघताना मास्तरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, तेच आता शोरूमच्या आरशात दिसलं. फक्त पेट्रोलची टाकी त्यांना लहान वाटली. शर्यतीच्या गाडीला लहानच असते, पण लांबच्या प्रवासाची मोठी टाकी बसवून मिळते, असं विक्रेता बोलून गेला आणि मास्तर म्हणाले, "बसवा. आणि गळ्यापर्यंत भरा."

गाडी टेंपोतून दुकानात आली आणि गणवेश घातलेल्या पुतळ्यांच्या मधोमध उभी राहिली. बायकोने तिला एक प्रदक्षिणा घातली.

"अहो, हिच्यावर चढायचं कुठून?"

मास्तरांनी विचार केला. मग ते कापड कापायच्या टेबलावर चढले आणि तिथून सन्मानाने सीटवर बसले.

"आणि उतरायचं?"

"टेबलावरच. थांबताना टेबल शेजारी असलं की झालं."

"डोंगरात टेबल कोण मांडून ठेवतं?"

"आपण नेऊ की."

यात चूक कुठे आहे ते बायकोला सापडेना. बोलणं सरळ होतं, सुरुवात तेवढी वाकडी होती. मास्तरांनी गाडी एका खोक्यावर चढवून चाकं अधांतरी केली आणि क्लच, गिअर, ब्रेक यांचा सराव सुरू केला. गिऱ्हाईक आलं तरी ते उतरत नसत, कारण उतरणं हा मोठा कार्यक्रम होता. आया पोरांना उचलून धरत आणि मास्तर वरून छातीचं माप घेत. एका आईने विचारलं, "मास्तर, तुम्ही घोड्यावर का बसलाय?" मास्तर म्हणाले, "मुलगी जातेय." तिला त्यातून काय समजलं कोण जाणे, पण तिने पोराला आणखी वर उचलून धरलं.

रविवारी सकाळी टेंपो मैदानावर पोचला. त्यातून बाईक उतरली, मग टेबल उतरलं, मग टेबलाचे पाय डुगडुगू नयेत म्हणून बायको दोन चिंध्या घेऊन उतरली. मैदानाचा मालक शिट्टी गळ्यात अडकवून उदास बसला होता. छकुली गेली की शिकवायला कोणीच राहणार नव्हतं आणि समोर नवशिक्यांची रांग उभी होती. छकुली बाईकभोवती फिरली.

"बाबा, ही कोणाची?"

"आपली."

"ही मीसुद्धा जपून चालवीन. तुझे पाय पोचतात?"

"पोचतील."

"कधी?"

मास्तर टेबलावर चढत होते, म्हणून उत्तर राहून गेलं. छकुली त्यांना अडवायला धावली, पण तेवढ्यात त्यांनी खोक्यावर हजारदा केलेली कृती केली. क्लच सुटला. फरक इतकाच होता की या वेळी खाली खोकं नव्हतं.

पायाखालची जमीन सरकायला आधी पाय जमिनीला लागायला हवेत. मास्तरांच्या बाबतीत आख्खी गाडीच सरकली. ती पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत निघाली आणि सगळ्यांना वाटलं, आता पडणार. पण मास्तर पडले नाहीत. आयुष्यभर कॉलरच्या गोलाईवरून न चुकता सुई नेलेल्या हातांना वळण नवीन नव्हतं. त्यांनी मोठा, सुबक गोल घेतला आणि टेबलाकडे परत आले. आता शेजारी थांबायचं आणि उतरायचं.

टेबल हातभर लांब राहिलं.

"अगं, जवळ घे," जाता जाता ते ओरडले. बायकोने टेबल आत ओढलं. इकडे मास्तरांनीही गोल जरा बाहेरून घेतला, त्यामुळे पुढच्या फेरीला टेबल दुसऱ्या बाजूने हातभर लांब राहिलं. बायकोने ते बाहेर ढकललं, मास्तर आत आले. संसारात इतकी वर्षं दोघांचं जसं चाललं होतं, तसंच हे चाललं होतं. टेकडी एका बाजूला राहिली आणि मास्तर मैदानाच्या मधोमध गोल गोल फिरू लागले.

छकुली त्या गोलाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. "बाबा, बंद कर आणि आडवा पड," ती ओरडली.

"एवढ्या उंचावरून?" मास्तर म्हणाले आणि लांब गेले.

तेवढ्यात रांगेतल्या एका नवशिक्याला वाटलं, शिकवणी सुरू झाली. तो आपली छोटी गाडी घेऊन मास्तरांच्या मागे लागला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. हेल्मेटमुळे त्यांच्यापैकी कोणाला काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे प्रश्नही कोणी विचारले नाहीत. मालक खुर्चीवरून उठला.

मास्तरांना मात्र मागचं काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त दर फेरीला मध्ये उभी असलेली मुलगी दिसत होती. आणि त्यांच्या लक्षात आलं की असं बोलणं सोपं आहे. बोलायचं आणि निघून जायचं. समोर उभं राहून तोंडाकडे बघत बसावं लागत नाही.

"छकुली," ते म्हणाले, "तू जाऊ नकोस."

आणि ते पलीकडे गेले. ती अर्धी फेरी त्यांना फार मोठी वाटली. परत आले तेव्हा छकुलीचे डोळे भरलेले होते.

"मलाही नाही जायचं, बाबा."

मास्तरांना इतका आनंद झाला की अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळली गेली आणि गाडीने उसळी मारली. मागच्या सगळ्यांनी लगेच तशीच उसळी मारून पाहिली. दोघे पडले, उठले आणि पुन्हा रांगेत आले.

"का गं?" पुढच्या फेरीत मास्तरांनी विचारलं.

"तिथे शर्यतवाल्यांना शिकवायचंय. मी आजवर फक्त नवशिक्यांना शिकवलंय," ती त्यांच्याबरोबर चार पावलं धावत म्हणाली. "मुलाखतीत जरा वाढवून सांगितलं मी. आता भीती वाटते. नाही म्हणून फोन करते. चालेल ना?"

मास्तरांना काही करायचं नव्हतं. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर रोज संध्याकाळी जेवायला घरात तीन माणसं राहिली असती. त्यासाठीच तर त्यांनी मनातल्या मनात देवाला साकडं घातलं होतं. त्यांनी एक आख्खी फेरी घातली. कापूस कोंबलेले बूट घालून ही पोर फटक फटक आवाज करत अंगणभर पळायची, ते त्यांना दिसत होतं. पडायची, पण पळायची. घरात कोणीतरी तिला हे शिकवलं होतं, आणि तो माणूस आता थांबता येत नाही म्हणून मैदानात फिरत होता.

"फोन करू नकोस," ते म्हणाले. "जा तू."

"अरे, आत्ता म्हणालास जाऊ नकोस."

"ते मागच्या फेरीत."

बोलताना त्यांचा आवाज कापला. पण इंजिनाचा आवाज मोठा होता, म्हणून ते निभावलं.

इकडे टेबल ओढून ओढून बायकोच्या हातांचे तुकडे पडले होते. तिने चिंध्या फेकल्या, पदराने घाम पुसला आणि "फिरा किती फिरायचं ते" असं म्हणून टेबलावर बसून घेतलं. तेव्हा त्या सकाळी पहिल्यांदाच टेबल एका जागी राहिलं. मास्तर नेहमीच्या गोलावरून आले, ब्रेक दाबला आणि अगदी टेबलाच्या शेजारी थांबले. मग कलले. टेबलाचा एक पाय कडकन मोडला आणि मास्तर, बायको आणि गाडी अशी तिघं मऊ मातीत आडवी झाली. मागची सगळी रांग शिस्तीत थांबली आणि त्यांच्याकडे आदराने पाहू लागली.

मालक धावत आला. छकुलीने आधी आईला उचललं, मग बाबांना, मग गाडीला. मालकाने मास्तरांचे दोन्ही हात धरले.

"इतका वेळ, इतक्या लहान गोलात, ही एवढी उंच गाडी," त्याला धाप लागली होती, "आणि एकदाही पाय टेकला नाही तुम्ही. आमचे जुने लोक दर वळणाला पाय टेकतात. आणि ही पोरं बघा, आजवर सरळ जात नव्हती, ती गोल फिरली. मास्तर, छकुलीच्या जागी रविवारचे तुम्ही या. नाही म्हणू नका."

मास्तर खरं सांगायला निघाले होते. माणूस प्रामाणिक होता, फक्त मापाच्या बाबतीत पुढचं बोलायचा. "अहो, पण मी..."

"बाबा, हो म्हण," छकुली त्यांच्या कानाशी म्हणाली.

"अगं, मला येत नाही गं."

"मला तरी कुठे येतंय? चाललेय ना मी."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. या वेळी ते जागच्या जागी उभे होते, निघून जायला गाडी नव्हती आणि तोंडाकडे बघावंच लागत होतं. त्यांनी तिच्या गालावरची माती अंगठ्याने पुसली. ती पुसताना त्यांच्या अंगठ्यावरची माती तिला लागली.

"येईन," ते मालकाला म्हणाले.

बायको मोडलेला टेबलाचा पाय हातात घेऊन उभी होती. "येतील हो," ती म्हणाली. "पण जरा उशिरा येतील. आधी सुताराकडून हा पाय बसवून घ्यायचाय."