न दाबलेला आवाज

दिपालीच्या लग्नात पडद्यावर तिच्या लहानपणापासूनच्या फोटोंची फिल्म दाखवायची होती. तिचं संगीत मी स्वतः देणार, असं मी साखरपुड्यातच जाहीर करून टाकलं. होणारे व्याही भगवंतराव नाशिकचे, तरुणपणी तबला शिकलेले. त्यांच्यापुढे शब्द मागे घेणं म्हणजे वाढलेलं ताट परत उचलणं! दिपालीने मात्र मला बाजूला घेतलं. "पप्पा, त्यांच्यासमोर आपलं हसं करू नका."

डिंडोलीतल्या आमच्या घरात मी पेटी पुढ्यात ओढली, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला आणि स्वतः बांधलेली चाल एका दमात वाजवली. भाजी निवडता निवडता माझी बायको सुवर्णा 'छान' म्हणाली. न मागता मिळालेलं 'छान'! मी विरघळलोच.

फिल्म जोडणारा हितेश जवळच्या उधन्याचा. त्याला चाल पाठवली तर त्याचा फोन आला, "काका, एमपी थ्री नहीं चलेगा, वेव्ह फाइल दो." एमपी थ्रीत फाइल लहान करायला आवाज दाबतात, बारीकसारीक गाळतात, वेव्हमध्ये सगळं जसंच्या तसं येतं, असं त्याने समजावलं. मला हे फार पटलं. माझ्या कलेतला कण का म्हणून गाळायचा?

वेव्ह फाइल निघाली ती लग्नातल्या मोठ्या मावशीसारखी, कुठेच मावेना. जागा करायला मी मोबाइलमधलं बरंच काही पुसलं. त्यात सुवर्णाने जपलेला नागलीच्या पापडांचा व्हिडिओ गेला, हे त्या दिवशीच्या आमटीवरून कळलं. शेवटी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि दोघं स्कूटरवरून हितेशकडे गेलो.

हितेशने मोठ्या स्पीकरवर चाल लावली आणि लगेच थांबवली. मागे मशीन कसलं चालू आहे, असं त्याने विचारलं.

"कसलं मशीन?" मी म्हणालो.

"ये खटखट, काका!"

मी कान दिला. काही नाही. त्याने सुवर्णाकडे पाहिलं.

"कसानी खटखट? माले ते काहीच ऐकू येत नही," ती म्हणाली.

हितेश आमच्या दोघांच्या कानांकडे काळजीने पाहू लागला. मग मला उमगलं. आमच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा, कारखाना आहे. दिपाली जन्मली तेव्हापासून तो भिंतीपलीकडे दिवसरात्र वाजतोय. त्याचा आवाज होतो, हेच आम्ही विसरलो होतो. वेव्ह फाइल मात्र विसरली नव्हती.

हितेशने कॉम्प्युटरवर खटखट वेगळी काढून बाजूला ठेवली आणि नुसती पेटी लावली. अरेरे! लूमशिवाय माझी चाल शेजारच्या नवागामच्या गल्ल्यांत पत्ता शोधणाऱ्या पाहुण्यासारखी भटकत होती. इतकी वर्षं मी ताल धरत होतो तो भिंतीपलीकडचा!

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा वाजवायला बसलो, तर त्या शांततेत बोटंच उठेनात. सुवर्णाला तर डुलकीही लागेना. लग्न दोन दिवसांवर आलेलं. दिपालीला काही न सांगता मी हितेशला म्हणालो, "खटखटीसकट लाव."

हॉलमध्ये दिवे मंद झाले. पडद्यावर झबल्यातली दिपाली आली, मागे पेटी आणि लूम. आमच्याकडचे पाहुणे शांत. सगळे लूमच्या आसपास राहणारे, त्यांना खटखट ऐकूच येत नव्हती. वरपक्ष माना वळवून एकमेकांकडे बघत होता. दिपालीने माझ्याकडे पाहिलं नाही. मी खुर्चीत रुतत गेलो.

फिल्म संपल्यावर भगवंतराव थेट माझ्याकडे आले. मी माफीचे शब्द जुळवत होतो.

"पेटी ठीक आहे," ते म्हणाले. "पण साथीला कोण होतं हो? एकदाही लय सोडली नाही! आमच्याकडच्या पूजेला आणा त्यांना."

मी म्हणालो, "फार मोठा कलाकार आहे. दोन्ही पाळ्यांत बुक असतो."

दिपाली लांबूनच हसली. मी जिंकलो! ही गोष्ट मी इथेच संपवणार होतो, पण चौथ्या दिवशी नाशिकहून तिचा फोन आला.

"पप्पा, इथे सगळे फार चांगले आहेत. पण झोपच लागत नाही, इतकं शांत आहे. तुमच्या संगीताची ती फाइल पाठवा ना."

पोरीला बापाची चाल ऐकल्याशिवाय झोप येत नाही!

"आत्ता पाठवतो, बेटा. वेव्हच पाठवतो."

"हो, वेव्हच. आणि पप्पा, हितेशभाईंनी खटखट वेगळी काढली होती म्हणे. तेवढीच पाठवा. पेटी नको."